दार्जिलिंगला पहिल्यांदा जाताना : डोंगर, चहा आणि हाताशी ठेवायचे दिवस

दार्जिलिंगला मी पहिल्यांदा गेले ती गंगटोकच्या सहलीला जोडून मिळालेल्या एका रात्रीपुरती. संध्याकाळी पोहोचलो, पहाटे साडेतीनला उठून सूर्योदय बघायला टायगर हिलला गेलो, समोर पांढरं धुकं. मग दिवसभर गाडीतून चढउतार आणि रात्री परतीची बांधाबांध. कांचनजंगाचं हिमशिखर दिसलंच नाही. चहाचा मळा दिसला तो गाडीच्या खिडकीतून. दुसऱ्यांदा नोव्हेंबरमध्ये चार रात्री राहिले, आईला घेऊन. तेव्हा कळलं की पहिल्या खेपेला आम्ही दार्जिलिंगला गेलोच नव्हतो. त्यानंतर नात्यातल्या आणि ओळखीच्या बऱ्याच जणांना हेच सांगत आले आहे, ते इथे नीट क्रमाने लिहिते.

सगळ्यांत आधी एक गोष्ट पक्की करा: किमान तीन रात्री, जमलं तर चार. डोंगर ढगाआड असतो, कधी दोन दोन दिवस. तो तुमच्या वेळापत्रकाने बाहेर येत नाही, तुम्हालाच त्याच्यासाठी थांबावं लागतं. चहाचा मळाही अर्ध्या तासात 'बघून' होत नाही. दिवस नसतील तर गंगटोक पुढच्या वर्षी करा, पण दार्जिलिंगचे दिवस कापू नका.

महिना ठरवताना : डोंगर हवा की चहा?

इथे एक पेच आहे आणि तो तिकीट काढायच्या आधीच सोडवावा लागतो. चहा सर्वांत बहरात असतो तेव्हा डोंगर बहुतेक वेळ झाकलेला असतो, आणि डोंगर सर्वांत स्वच्छ दिसतो तेव्हा चहाची झुडपं झोपलेली असतात.

चहाची पहिली खुडणी फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. तिला सगळे फर्स्ट फ्लश म्हणतात. हिवाळाभर विसावलेल्या झुडपाला आलेली ही पहिली कोवळी पालवी, आणि तिचा चहा फिकट, फुलासारख्या वासाचा. दुसरी खुडणी मे-जूनमध्ये, सेकंड फ्लश. मग जुलै ते सप्टेंबर पावसाळी चहा, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात शरदातला, तांबूस रंगाचा ऑटम फ्लश. डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत झुडपं छाटलेली असतात आणि कारखाने बंद. ज्यांनी खास चहासाठी म्हणून जानेवारीचं बुकिंग केलं, त्यांना थंडी आणि खराटे झालेली झुडपं बघून परत यावं लागतं.

डोंगराचं गणित वेगळं. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत हवा धुतल्यासारखी असते. मार्च-एप्रिलमध्ये फुलं सुंदर असतात, पण हवेत धुरकटपणा असतो. मे-जूनमध्ये दुपारनंतर ढग. जून ते सप्टेंबर पाऊस, आणि हा पाऊस आपल्या सह्याद्रीतल्या पावसासारखा मनमोकळं भिजण्याचा नव्हे. दरडी कोसळतात, रस्ते तासन्‌तास बंद होतात. ऑक्टोबरचा पहिला आठवडाही गृहीत धरू नका: २०२५ साली नेमक्या त्याच दिवसांत दार्जिलिंग जिल्ह्यातल्या मिरिकच्या भागात अतिवृष्टीने मोठ्या दरडी कोसळल्या आणि अनेकांचे जीव गेले.

माझा कौल नोव्हेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांना. डोंगर दिसण्याची शक्यता भरपूर, आणि मळ्यात शेवटची खुडणी चाललेली. दुर्गापूजा-दिवाळीच्या सुट्टीत मात्र कोलकात्याहून प्रचंड गर्दी येते, तेव्हा खोल्या महिना-दोन महिने आधी धराव्या लागतात. मेमध्येही तेच. चहाच तुमचा जीव की प्राण असेल, तर एप्रिलचा पहिला पंधरवडा, आणि कांचनजंगा दिसलं तर नशीब समजा.

पोहोचायचं कसं

सपाटीवरची तीन नावं लक्षात ठेवा. विमानतळ बागडोगरा, मोठं रेल्वे स्थानक न्यू जलपाईगुडी (सगळे 'एनजेपी' म्हणतात) आणि शहर सिलिगुडी. तिन्ही एकमेकांच्या जवळच आहेत. मुंबईहून बागडोगऱ्याला विमान आहे. रेल्वेने मुंबईहून थेट जायचं तर दोन रात्री गाडीत जातात. त्यापेक्षा कोलकात्याला एक-दोन दिवस काढून सियालदहहून रात्रीची दार्जिलिंग मेल पकडावी, सकाळी एनजेपीला उतरावं. प्रवासाचा तो भागही लक्षात राहतो.

पुढचे साधारण सत्तर किलोमीटर डोंगर चढायचे आहेत. बागडोगरा आणि एनजेपी दोन्हीकडे प्रीपेड टॅक्सीची खिडकी आहे. आधी तिथे जाऊन दर विचारा, मग बाहेरच्यांशी बोला. एकटे-दुकटे असाल तर शेअरिंगची जीप स्वस्त पडते. सुमो-बोलेरोत दहा जण भरले की ती निघते. थोडे जास्त पैसे देऊन पुढच्या दोन्ही सीट घेतल्यात तर पाय मोकळे राहतात. पण शेअरिंगच्या गाड्या दुपारनंतर विरळ होतात, त्यामुळे दुपारी एकच्या आत सिलिगुडीतून हलायचं असा हिशेब ठेवा. त्याला आणखी एक कारण आहे. हा देश पूर्वेचा: डिसेंबरात पावणेपाचला सूर्य मावळतो. मुंबई-पुण्याच्या सवयीने 'सहापर्यंत उजेड आहे' असं धरून निघालात तर शेवटचा घाट अंधारात आणि बहुधा धुक्यात येतो.

वर जायचे रस्ते तीन-चार आहेत. रोहिणीचा रस्ता रुंद आणि लवकर पोहोचवणारा. पंखाबारीचा अतिशय उभा, पण मकाईबारीच्या मळ्यांतून जाणारा. जुना हिलकार्ट रोड लांबचा, छोट्या गाडीच्या रुळांच्या सोबतीने जाणारा. गाडी लागत असेल तर पंखाबारी नको म्हणून ड्रायव्हरला आधीच सांगा. गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्या आणि खिशात आलेपाक किंवा आवळा सुपारी असू द्या. वाटेत कर्सियांगला पंधरा मिनिटं थांबून चहा-मोमो खाल्ले की निम्मा शीण जातो.

उंचीची भीती बाळगू नका. दार्जिलिंग सुमारे २०४२ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा चारशे मीटर उंच. विरळ हवेचा त्रास इथे सहसा होत नाही. धाप लागते ती चढांमुळे.

राहायचं कुठे

गाव डोंगराच्या सोंडेवर वरून खालपर्यंत पसरलेलं आहे. सर्वांत वर चौरस्ता, त्याला मॉलही म्हणतात. तिथे गाड्या येत नाहीत. सर्वांत खाली चौकबाजार आणि जीपचा अड्डा. मध्ये जिने, उभे रस्ते आणि गर्दी.

ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर हॉटेलवाल्याला एकच प्रश्न फोनवर विचारा: 'गाडी दारापर्यंत येते का, आणि नसेल येत तर किती पायऱ्या?' फोटोत हे दिसत नाही. आईला घेऊन गेले तेव्हा मी हा प्रश्न विचारला नव्हता. गाडी उतरवून गेली तिथून बहात्तर पायऱ्या निघाल्या. दुसऱ्याच दिवशी आम्ही हॉटेल बदललं.

दुसरा प्रश्न: खोलीतून डोंगर दिसतो का. उत्तरेकडची खोली थोडी महाग असते, पण त्या पैशांत तुमचं पहाटेचं धावपळीचं ओझं वाचतं. तिसरा प्रश्न गरम पाण्याचा आणि हीटरचा. इथे बहुतेक ठिकाणी हीटरचे रोजचे वेगळे पैसे घेतात. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दोन-तीन अंशांवर येतो आणि भिंती गारठलेल्या असतात, तेव्हा तो खर्च धरूनच चला.

आणि पाण्याबद्दल एक विनंती. दार्जिलिंगला पाण्याची कायमची टंचाई आहे. गावाला पाणी सिंचलच्या तलावांतून येतं, आणि ते तलाव इंग्रजांच्या काळात आजच्या मानाने फारच लहान गावासाठी बांधलेले. बरीच हॉटेलं आणि घरं टँकरवर चालतात. तुमच्या खोलीत नळ सुरू असतो तेव्हा खालच्या वस्तीत बायका जेरीकॅन घेऊन रांगेत असतात. एक बादली पुरते. टॉवेल रोज बदलून मागू नका.

भाषा : देवनागरी वाचता येते हा आपला फायदा

इथली बोली नेपाळी आहे आणि नेपाळी देवनागरीत लिहिली जाते. दुकानांच्या पाट्या, बसवरची नावं, भिंतीवरच्या घोषणा आपण सरळ वाचू शकतो. चौरस्त्यावर नेपाळीचे आदिकवी भानुभक्त यांचा पुतळा आहे, त्याखालचं वाचून बघा. हिंदी सगळ्यांना येते, त्यामुळे अडत काहीच नाही, पण चार शब्द त्यांच्या भाषेतले बोललात की चेहरे खुलतात. ड्रायव्हरला किंवा वयाने मोठ्या माणसाला 'दाजू', लहान मुलाला 'भाइ', बाईमाणसाला 'दिदी'. किंमत विचारायची तर 'कति हो?'. जेवण आवडलं तर 'मिठो छ', म्हणजे चवदार आहे, खारट नव्हे. आणि सकाळी कुणी हसत 'घाम लाग्यो' म्हणालं तर दचकू नका. नेपाळीत घाम म्हणजे ऊन. त्या गावात ते सर्वांत आनंदाचं वाक्य आहे.

इथल्या लोकांना 'तुम्ही नेपाळचे का?' असं मात्र विचारू नका. ते भारतीय गोरखा आहेत, पिढ्यान्‌पिढ्या इथले, आणि ओळखीचा हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात फार दुखरा आहे. त्यासाठी आंदोलनं झाली आहेत, २०१७ साली तर शंभरहून जास्त दिवस सगळा डोंगर बंद होता. छोटी गाडी जिथे वेढा घेते त्या बताशिया लूपवरचं स्मारक गोरखा सैनिकांचं आहे. तिथे दोन मिनिटं शांत उभं राहिलं की बरंच कळतं.

पहिला दिवस : काही बघायचं नाही

पोहोचलात की सामान टाका, गरम काहीतरी खा आणि चौरस्त्यावर बाकावर बसा. मग मॉल रोडने ऑब्झर्वेटरी हिलला वळसा घाला. सपाट रस्ता आहे, गाड्यांचा त्रास नाही, रमतगमत अर्धा तास. उत्तरेच्या बाजूला कठडे आणि बाकं आहेत, आणि आकाश मोकळं असेल तर कांचनजंगा तिथूनच दिसतं. टेकडीच्या माथ्यावर महाकालाचं स्थान आहे. एकाच ठिकाणी ब्राह्मण पुजारी आणि बौद्ध लामा बसलेले, एकीकडे घंटा आणि एकीकडे प्रार्थनेच्या पताका. माकडांपासून पिशवी सांभाळा.

रात्री आठनंतर गाव मिटतं. जेवण त्याआधी उरका. थुक्पा म्हणजे शेवयांचं गरम सूप, मोमो शाकाहारीही सगळीकडे मिळतात, आणि रस्त्याकडेला मिळणारं तिखट आलूदम एकदा खाऊन बघाच. याकच्या किंवा गाईच्या दुधाचा छुर्पी नावाचा सुकवलेला दगडासारखा पदार्थ मिळतो. तो चावायचा नसतो, सुपारीसारखा तासभर गालात ठेवायचा. शुद्ध शाकाहारी भोजनालयंही आहेत, मारवाडी पद्धतीची.

डोंगर बघण्याचा दिवस : आदल्या रात्री ठरवा

टायगर हिलला जायचा दिवस आधीच बुक करून टाकू नका. आदल्या रात्री आकाशात चांदण्या दिसतात का ते बघा, हॉटेलच्या माणसाला विचारा, मग गाडी सांगा. टायगर हिल सुमारे २५९० मीटरवर, गावापासून अकरा किलोमीटर. मेमध्ये सूर्योदय पावणेपाचच्या आसपास, डिसेंबरात सव्वासहाला. गाड्यांच्या रांगेमुळे त्याच्या दीड-दोन तास आधी निघावं लागतं. तिथे कडाक्याची थंडी असते. कानटोपी, हातमोजे आणि दोन मोजे घालूनच उतरा.

सगळे पूर्वेकडे तोंड करून सूर्याची वाट बघतात. तुम्ही उत्तरेकडे वळा. सूर्य क्षितिजाच्या खालीच असतो, आणि ८५८६ मीटर उंचीच्या कांचनजंगाच्या टोकाला आधी गुलाबी रंग चढतो, मग केशरी, मग तो रंग हळूहळू खाली उतरत जातो. जगातला तिसऱ्या क्रमांकाचा उंच डोंगर. फार स्वच्छ दिवशी वायव्येला तीन छोटी शिखरं दिसतात. त्यांतलं मोठं दिसणारं मकालू, ते जवळ आहे म्हणून. एव्हरेस्ट त्याच्या शेजारचा लहानसा सुळका.

आता खरं सांगते. मी पाहिलेली सर्वांत सुंदर पहाट टायगर हिलवरची नाही. दुसऱ्या खेपेला, तिसऱ्या दिवशी आई पावणेसहाला उठली आणि शाल गुंडाळून हॉटेलच्या गच्चीवर गेली. तिथे वाळत घातलेल्या चादरी होत्या. तिने एक चादर बाजूला सारली आणि मला हाक मारली. चादरीच्या पलीकडे सगळी रांग उघडी पडली होती. आम्ही तासभर तिथेच होतो, एका मुलाने न सांगता दोन कप चहा आणून ठेवला. रांगेत उभं राहायची ताकद नसेल तर टायगर हिल सोडून द्या. गच्ची पुरेशी आहे.

परतीच्या वाटेवर घूमचा जुना मठ लागतो, १८५० सालचा, आत मैत्रेय बुद्धाची पंधरा फुटी मूर्ती. सकाळी शांत असतो.

छोटी गाडी

माथेरानची गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हिचे रूळ ओळखीचे वाटतील. दोन्हींची रुंदी तीच, दोन फूट. दार्जिलिंगची १८८१ मध्ये सुरू झाली, माथेरानची १९०७ मध्ये. १९९९ पासून दार्जिलिंगच्या रेल्वेला जागतिक वारशाचा दर्जा आहे.

दोन प्रकारे बसता येतं. एनजेपीहून दार्जिलिंगपर्यंतचा पूर्ण प्रवास सात-आठ तासांचा. पावसाळ्यात तो वारंवार बंद पडतो. बहुतेकांनी दार्जिलिंग ते घूम आणि परत अशी दोन तासांची जॉय राइड घ्यावी. तिची तिकिटं रेल्वेच्या नेहमीच्या संकेतस्थळावर मिळतात आणि हंगामात आठवडे आधी संपतात, म्हणून हे बुकिंग मात्र घरूनच करा. डिझेलची स्वस्त, वाफेची महाग. परवडत असेल तर वाफेचीच. गाडी दुकानांच्या इतक्या जवळून जाते की हात लांबवला तर टांगलेले स्वेटर हाताला लागतील. हात लांबवू नका. इंजिनावर बसलेला माणूस हातोड्याने कोळसा फोडत असतो, कोळशाचे बारीक कण डोळ्यांत जातात, चष्मा घाला. बताशिया लूपला गाडी पूर्ण वेढा घेऊन स्वतःच्याच वाटेवरून खाली उतरते. घूमला २२५८ मीटर, भारतातलं सर्वांत उंच रेल्वे स्थानक.

चहाचा दिवस : एकच मळा, संपूर्ण सकाळ

ही पायरी लोक सर्वांत घाईत उरकतात आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

रस्त्याकडेला गाडी थांबवून भाड्याचा पोशाख घालून, पाठीला टोपली अडकवून फोटो काढायची सोय जागोजागी आहे. तो मळा बघणं नव्हे. मळ्याला इथली माणसं 'कमान' म्हणतात. गावातून पायी जाण्यासारखी हॅपी व्हॅलीची कमान आहे, १८५४ सालची. उतार उतरून अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता. येताना तोच चढ आहे, तेव्हा परतीला टॅक्सी करा. आणखी वेळ असेल तर कर्सियांगच्या बाजूला मकाईबारी, १८५९ ची. तिथे कामगारांच्या घरांत मुक्कामाचीही सोय आहे. रविवारी मळ्यांना सुट्टी असते, पानं येत नाहीत, म्हणून सोमवारी सकाळी कारखाना थंडच असतो. मंगळवार ते शनिवारमधला दिवस निवडा आणि सकाळी नऊच्या आसपास पोहोचा.

आधी झुडपांत बघा. खुडणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायकाच असतात. पाठीवरची टोपली म्हणजे डोको, तिचा पट्टा कपाळावर, त्याला नाम्लो म्हणतात. 'दुई पात, एक सुइरो', दोन पानं आणि एक कळी, एवढंच खुडायचं. मी एका दिदींना विचारून त्यांच्या शेजारी उभी राहिले. त्यांची बोटं पानाला धरत नव्हती, नुसती टेकवून वळवत होती, आणि कट्‌ असा अगदी बारीक आवाज होत होता. मी खुडलेला शेंडा त्यांनी हातात घेऊन बघितला. तिसरं पान आलं होतं. ते त्यांनी मोडून टाकलं आणि उरलेलं डोकोत टाकलं. चार-साडेचार किलो ओली पानं खुडली की एक किलो चहा होतो. हे ऐकल्यावर कपाकडे बघायची नजर बदलते. फोटो काढायचा तर आधी विचारा. त्या कामावर आहेत, आणि त्यांचा रोज पानांच्या वजनाशी बांधलेला आहे.

मग कारखाना. आत शिरल्यावर पहिला येतो तो वास, कापलेल्या गवताचा आणि पिकत आलेल्या फळाचा एकत्र. लांबलचक जाळीच्या हौदांत पानं पसरलेली असतात आणि खालून हवा सोडतात. रात्रभरात, साधारण चौदा ते अठरा तासांत, पान मऊ चामड्यासारखं होतं. मूठ भरून दाबून बघायला मिळालं तर बघा, पान तुटत नाही. मग वळणारं यंत्र, मग पानं हवेत ठेवून रंग बदलू देणं, मग भट्टी, शेवटी चाळणी आणि हाताने निवडणं. आपल्या घरच्या दाणेदार चहाला सीटीसी म्हणतात. ती पानं यंत्रात चुरून गोळ्या केलेली असतात, दुधात उकळल्यावर रंग देणारी. इथलं पान वळलेलं असतं, चुरलेलं नाही.

सेकंड फ्लशच्या चहाला पिकल्या द्राक्षांसारखा एक वास असतो, त्याला मस्कटेल म्हणतात. तो कशाने येतो हे ऐकून आमच्या शेतकरी काकांचा विश्वास बसेना: तुडतुड्यांनी. कपाशीवर ज्यांच्यासाठी आपण फवारे मारतो, त्याच जातकुळीचे किडे कोवळ्या पानाचा रस शोषतात, झाड प्रतिकारासाठी आपली द्रव्यं तयार करतं, आणि तो वास त्यातून येतो.

शेवटी चव बघण्याची बैठक. पांढऱ्या कपांत तीन-चार चहा ओळीने मांडतात. चमच्याने घेऊन जोरात, आवाज करून ओढून प्यायचा, कारण हवा मिसळली की वास नाकापर्यंत जातो. इथे तो आवाज असभ्य नाही. दूध मागू नका, साखरही नको. पहिला कप पाणचट वाटेल, दुसराही वाटेल. तिसऱ्या कपानंतर पुन्हा पहिल्याकडे या.

चहा विकत घेताना

पहिल्या खेपेला मी एका थांब्यावरच्या दुकानातून सुंदर लाकडी डबीतला 'दार्जिलिंग' घेतला होता. घरी उघडला तर वास असा काहीच नव्हता. मळ्याचं नाव नाही, साल नाही. त्यानंतर घेताना मी हे बघते.

दार्जिलिंगच्या नावाखाली बाहेरचा चहा फार विकला जातो, त्यात सरहद्दीपलीकडचाही. खरा दार्जिलिंग फक्त ८७ नोंदलेल्या मळ्यांतून येतो, आणि भौगोलिक मानांकन मिळालेली ही भारतातली पहिली वस्तू. पाकिटावर गोल चिन्ह असतं: दोन पानं आणि कळी हातात धरलेली बाई, बाजूने दिसणारी. ते शोधा. त्याखेरीज मळ्याचं नाव, कोणती खुडणी आणि कोणत्या वर्षाची, हे तिन्ही लिहिलेलं हवं. चौरस्त्याजवळच्या जुन्या चहाच्या दुकानांत पैसे देऊन चव बघता येते. आधी चव, मग खरेदी.

पहिल्यांदा घेणाऱ्यांनी महागड्या फर्स्ट फ्लशच्या मागे लागू नये असं माझं मत. दुधाच्या चहावर वाढलेल्या जिभेला सेकंड किंवा ऑटम फ्लश लवकर भावतो. शंभर-शंभर ग्रॅमची दोन-तीन पाकिटं घ्या, किलोभर नको. त्याचा वास वर्षभरात उतरतो.

उरलेला वेळ

प्राणिसंग्रहालय आणि हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट एकाच आवारात, एकाच तिकिटात. गुरुवारी बंद. ही संस्था १९५४ सालची, आणि तेनसिंग नोर्गे इथले पहिले क्षेत्र-प्रशिक्षण संचालक. त्यांचं स्मारकही इथेच आहे. संग्रहालयातली गिर्यारोहणाची जुनी साधनं, ते जड बूट आणि सुती-लोकरी कपडे, बघताना वेळ जातो. तांबडा पांडा बघायचा तर सकाळी जा, दुपारी तो फांदीवर झोपलेला असतो. मुलं बरोबर असतील तर अर्धा दिवस इथेच द्या.

रॉक गार्डनचा उतार फार तीव्र आहे आणि मला तिथे फारसं काही सापडलं नाही. रोपवे अधूनमधून बंद असतो, विचारून जा. त्याऐवजी जपानी शांती स्तूपापर्यंत पायी चाला. ट्रेकर मंडळींसाठी मानेभंजनहून संदकफू आहे, ३६३६ मीटर, पण त्याला वेगळे तीन-चार दिवस हवेत.

टॅक्सीवाले 'सेव्हन पॉइंट', 'थ्री पॉइंट' असे ठरलेले फेरे विकतात. फसवणूक नाही ती, पण अर्धा दिवस गाडीच्या रांगेत जातो. गावातला रस्ता एकच, अरुंद, त्यावर रूळही. दोन किलोमीटरला पाऊण तास लागू शकतो. जवळचं सगळं पायी करा.

खिशात रोख रक्कम असू द्या. यूपीआय सगळीकडे चालतं, पण ढग उतरले की नेटवर्क जातं. छत्री, तळव्याला पकड असलेले बूट आणि टॉर्च कोणत्याही महिन्यात लागतात.

परतताना विमान दुपारचं असेल तर सकाळी सातच्या आत गाव सोडा. उतार असला तरी घूमपाशी कोंडी होते. बागडोगरा हा हवाई दलाचा तळ आहे, तिथे आवारात फोटो काढू नका.

घरी आल्यावर

चहाचं पाकीट मसाल्याच्या डब्याच्या कपाटात ठेवू नका. हा चहा शेजारचा वास आठवड्यात ओढून घेतो. झाकण घट्ट बसणारा कोरा डबा घ्या, उजेडापासून दूर ठेवा.

एका कपाला एक छोटा चमचा पानं. पाणी उकळा, गॅस बंद करून मिनिटभर थांबा, मग पानांवर ओता. पानं पाण्यात टाकून उकळायची नाहीत. झाकण ठेवा, घड्याळ लावून तीन मिनिटं. मग सगळं गाळून घ्या, पानांवर पाणी राहिलं तर कडवट होतं. पानं टाकून देऊ नका, त्यांवर एकदा पुन्हा गरम पाणी घाला आणि चार मिनिटं ठेवा. आई हा दुसरा कप दुपारी खिडकीशी बसून पिते आणि पहिल्यापेक्षा तोच बरा म्हणते.